दुसऱ्या मजल्यावरची दुसरी खुर्ची

"एवढ्याशा भोकाला नऊ दिवस," लिफ्टमध्ये थोरलीच्या कानाशीच एक बाई कुरकुरली. "वाटाण्याएवढं भोक. नऊ दिवसांत अख्खी शाल विणून होईल."

"मग दुसरीकडे टाकायची," तिचा नवरा म्हणाला. त्याच्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या, तिसरी काखेत. त्याला नऊ दिवसांपेक्षा आत्ताची नऊ मिनिटं जड जात होती.

"दुसरीकडे टाकली की दिसतं."

"काय दिसतं?"

"रफू हो. हिच्याकडचं दिसत नाही. म्हणून तर थांबायचं." आणि बाईंनी असा काही उसासा टाकला की त्यात तक्रार चिमूटभर आणि मिरवणं ओंजळभर.

लिफ्टला तिन्ही बाजूंनी आरसे होते, त्यामुळे थोरलीला तोंड फिरवायला जागाच उरली नव्हती. जिकडे बघावं तिकडे थोरलीच, आणि सगळ्यांच्याच नाकाला मिरच्या झोंबलेल्या. थोरलीचा नवरा दारावरच्या आकड्यांकडे टक लावून बघत होता, जणू एकानंतर दोन येतोच याची त्याला खात्री नव्हती. सासूबाई काठीवर दोन्ही हात ठेवून उभ्या होत्या. एरवी त्यांना शेजारच्या खोलीतून तीन हाका माराव्या लागतात, पण नको ते त्यांना लख्ख ऐकू येतं. त्या हसल्या नाहीत, एवढेच काय ते त्यांचे सुनेवर उपकार.

दोघांनीही ऐकलं होतं आणि दोघंही गप्प होते. या घरात हल्ली तशी रीतच पडली होती.

नऊ दिवस. थोरली घरी दोन दिवसांत रफू करून द्यायची. हल्ली तर दुसऱ्याच दिवशी, कारण टेबलावर दुसरं काम नसायचंच. गिऱ्हाईक म्हणायचं, अरे वा, इतक्या लवकर? आणि ते 'अरे वा' तिला दिवसभर पुरायचं. आता तिला कळलं की लवकर देणं हासुद्धा एक कमीपणाच आहे. डॉक्टरसुद्धा रिकामा बसलेला दिसला की लोक पुढच्या दवाखान्यात जातात.

ज्या 'हिच्या'बद्दल लिफ्टमधली बाई बोलत होती, ती थोरलीची धाकटी जाऊ.

रफूचं काम हे सासऱ्यांचं. पुढच्या खोलीत खिडकीला टेकून त्यांचं टेबल असायचं आणि लोक लांबून फाटकी कापडं घेऊन यायचे. दोन मुलगे झाले, पण एकाचंही बूड त्या खुर्चीवर ठरेना. थोरला पाणीखात्यात कारकून झाला, धाकटा ट्रक घेऊन महिना महिना बाहेर राहू लागला. म्हणून सासऱ्यांनी थोरल्या सुनेच्या हातात सुई दिली. तिने शाळा अर्धवट सोडलेली, पण बोटं हुशार. जखम ज्याची, धागाही त्याचाच, हा सासऱ्यांचा पहिला धडा. म्हणजे बाहेरचा दोरा आणायचा नाही. त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून धागे काढायचे, आधी उभे घालायचे, मग एक सोडून एक आडवे, जसं कापड मागावर विणलं गेलं होतं तसंच.

दुसरा धडा जास्त कडक होता. काम झालं की ते घरातल्या दुसऱ्या माणसाच्या हातात द्यायचं आणि म्हणायचं, शोध. उलटं करून बघायचं नाही, कुठे फाटलं होतं ते विचारायचं नाही. समोरच्याला जागा सापडली तर न बोलता सगळं उसवायचं आणि पुन्हा करायचं. वाद नाही, रडणं नाही. थोरली पहिल्या वर्षी पुष्कळ रडली, पण न्हाणीघरात.

सासरे गेले, धाकटी लग्न होऊन घरात आली, आणि थोरलीने तिला शिकवलं. दोघी शिकवायच्या-शिकायच्या आणि एकमेकींचं शोधायच्या. धाकटीचं काम थोरलीला डोळे मिटून सापडायचं. नंतर नंतर तिने शोधणंच सोडून दिलं. "आता काय तुझं तपासायचं, झालीस तयार," असं ती म्हणाली होती, आणि आपण किती मोठ्या मनाने म्हणालो हे तिच्या चांगलं लक्षात होतं. स्वतःचं काम मात्र ती धाकटीकडे देतच राहिली. धाकटी प्रत्येक वेळी कापड खालीवर करायची आणि म्हणायची, "नाही सापडत, ताई."

मग गेल्या वर्षी तो लॉन्ड्रीवाला आला. शहराच्या मधोमध नवा मॉल झाला होता, त्यात त्याचं ड्राय क्लीनिंगचं मोठं दुकान. हातात एक करडा कोट घेऊन तो थेट पुढच्या खोलीत उभा राहिला. "हा कोट ज्याने रफू केलाय तो माणूस मला पाहिजे. माझ्या दुकानात काचेचा कोपरा देतो, वर दिवा देतो."

"मी केलाय," थोरली म्हणाली.

खोलीत कुणीच काही बोललं नाही. थोरलीला वाटलं, अभिमानाने घसा दाटलाय सगळ्यांचा. खरं तर तिलाही जायचं होतं. पण सरकत्या पायऱ्या, काचेत बसणं, येणारेजाणारे बघणार, एखाद्याने काही विचारलं तर सांगता यायला हवं. तोंडातून निघालं ते, "माझे गुडघे. हिला न्या. माझ्याच हाताखाली तयार झालीय."

असं तिने ताटातलं उचलून धाकटीच्या ताटात वाढलं होतं. निदान ती तरी तसं धरून चालली होती. देताना बरं वाटलं. मग आठ महिने ती ते वाढलेलं मोजत बसली.

या आठ महिन्यांत ती मॉलकडे फिरकली नव्हती. गुडघे, सासूबाई, तिथली गार हवा, एकेक कारण धुऊन वाळवून पुन्हा वापरत होती. आज यावं लागलं, कारण लॉन्ड्रीवाल्याला दुसरं माणूस हवं होतं. धाकटीच्या शेजारी दुसरी खुर्ची मांडून झाली होती. संध्याकाळपर्यंत त्या खुर्चीसाठी नाव दिलं नाही, तर तो बाहेरून कुणालातरी बसवणार होता. धाकटीने चार वेळा फोन केला. नवरा म्हणाला, "नुसतं बघून तर ये. 'नाही' म्हणायला कोण अडवतंय तुला?" सासूबाई तर सकाळपासून पायांत बूट घालून बसल्या होत्या.

थोरलीचं ठरलं होतं. बघायचं, चहा घ्यायचा, आणि नाही म्हणायचं. आपण जिला शिकवलं तिच्या शेजारी दुसरी म्हणून बसायला ती काही दूधखुळी नव्हती.

तशात मॉलच्या दारातच पहिला ठसका लागला होता. पहारेकऱ्याने तिची पर्स उघडली आणि धागे कापायची बोटभर कात्री काढून घेतली. "आत नेता येत नाही, मावशी. जाताना घेऊन जा."

"कात्री आहे ती, तलवार नाही."

"नियम आहे."

"मग आत रफू करतात त्या काय दाताने दोरा तोडतात?"

"त्यांच्याकडे ओळखपत्र असतं," पहारेकरी म्हणाला, आणि 'त्या' शब्दाला त्याने असा काही मान दिला की थोरलीचा पापड मोडला. तीस वर्षं जी कात्री तिच्या बोटाला लागलेली, ती तिला आत नेता येईना. आणि काल शिकलेली धाकटी आत बसून खुशाल कापाकापी करते.

लिफ्टचं दार उघडलं. ती नऊ दिवसवाली बाई नवऱ्याला घेऊन उजवीकडे गेली. दुसरा मजला इतका चकचकीत होता की सासूबाई पाण्यात उतरावं तशा काठी चाचपत बाहेर आल्या. बिनडोक्याच्या पुतळ्यांना कपडे घातलेले होते. एका पुतळ्याच्या विजारीला दोन्ही गुडघ्यांवर मोठाली भोकं.

सासूबाई थांबल्या. "ही गिऱ्हाइकाने आणलीय का दुकानदाराची?"

"आई, ती फॅशन आहे. नवीच फाटकी मिळते," नवरा म्हणाला.

"म्हणजे इथे फाडून विकतात आणि पलीकडे शिवून देतात. एकाच छपराखाली," सासूबाई म्हणाल्या. "मालक हुशार आहे."

थोरलीला हसू आलं होतं, पण तेवढ्यात तिला तो कोपरा दिसला आणि हसू जिथल्या तिथे मावळलं.

लॉन्ड्रीच्या दुकानाला लागून तीन बाजूंनी काच. आत पांढरं टेबल, त्यावर बशीएवढं गोल भिंग, आणि भिंगाभोवती दिव्याची कडी. धाकटी त्या भिंगाखाली मान घालून बसली होती. काचेबाहेर चारपाच माणसं उभी राहून बघत होती. रफू करताना! थोरलीने तीस वर्षं ज्या कामाला पाठ करून बसायचं असतं असं मानलं होतं, त्या कामाला प्रेक्षक.

मग एकेक गोष्ट तिच्या डोळ्यांत खुपायला लागली. धाकटीच्या गळ्यातलं ओळखपत्र. मानेला टेकण असलेली खुर्ची, तिला चाकं. धाग्यांना पारदर्शक डबे. घरी ते गोळ्यांच्या जुन्या डब्यांत असायचे. धाकटीने केस कापले होते आणि तिला ते शोभतही होते, हे तर फारच झालं. धाग्याचं टोक ओढताना तिची करंगळी वर झाली. ती करंगळी थोरलीची होती. म्हणजे मूळची सासऱ्यांची, पण धाकटीला दिली ती थोरलीने. आता काचेबाहेरची एक मुलगी आईला म्हणत होती, "बघ, बोट कसं धरतात त्या." जशी काही ती करंगळी मॉलनेच तिला दिली होती.

आणि काचेवर मोठ्या अक्षरांत पाटी: शोधून दाखवा. खाली बारीक अक्षरांत, आम्ही केलेलं रफू तुम्हाला सापडलं तर आम्ही ते उसवून पुन्हा करून देऊ.

थोरलीने ती पाटी दोनदा वाचली. घरातली, चार भिंतींतली, सासऱ्यांची गोष्ट. चव्हाट्यावर टांगलेली.

"अगोबाई, ताई." धाकटी उठून बाहेर आली. वाकून सासूबाईंचा हात धरला, मग थोरलीचा. तिचे हात गार होते. "किती वाट बघत होते मी. भाऊजी, आईंना इकडे बसवा. आई, आइसक्रीम मागवू ना?"

"विचारतेस काय," सासूबाई म्हणाल्या. समोरच्या दुकानातून कप लगेच आलाही.

"ही पाटी कोणाची कल्पना?" थोरलीने विचारलं.

"मालकांची." धाकटी खालच्या आवाजात म्हणाली. "मी त्यांना बाबांचं सांगितलं होतं एकदा, आपल्या घरी कसं असायचं ते. त्यांना फार आवडलं. ताई, तुम्हाला नाही ना वाईट वाटलं?"

"मला कशाला वाईट वाटायचंय? माझं काय जातंय?"

ज्या माणसाचं काही जात नाही ते असं बोलत नाही, हे चौघांनाही ठाऊक होतं. नवऱ्याने लगेच छताकडे बघून मॉलच्या उंचीबद्दल दोन वाक्यं टाकली. सासूबाईंनी चमच्यात लक्ष घातलं.

धाकटीने दुसऱ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. "ही तुमची. म्हणजे, तुम्ही हो म्हणालात तर. काचेकडची बाजू तुम्हाला ठेवलीय मुद्दाम. मी आतल्या बाजूला बसते."

"मोठा त्याग केलास."

"तसं नाही ताई…"

"आण बघू एखादं," थोरली म्हणाली. "तुझं झालेलं काम. बघते मी."

धाकटीचा चेहरा पडला. "आत्ता? राहू दे ना. आत्ताच आलात, जरा टेका तरी."

"का? पाटी लावलीस ना सगळ्या जगासाठी? मग घरच्यांनी काय घोडं मारलंय?"

धाकटीने एक तांबडा स्वेटर पुढे केला. जाड विणीचा. त्यात जागा कुठे असेल ते दाराजवळूनही कळलं असतं, आणि आपल्याला सोपा पेपर दिला जातोय हे थोरलीला लगेच कळलं.

"तो नको. तो काळा कोट दे, हँगरवरचा."

"त्याचं गिऱ्हाईक आत्ता येईल ताई, आज न्यायचाय त्यांना."

"मी काय खाणार आहे का तो?"

कोट हातात आला. उभ्याने हे काम होत नाही, म्हणून थोरली जी खुर्ची समोर होती तिच्यात बसली. भिंग तिने कोपराने बाजूला सारलं. "भिंग नको. बोटं आहेत." कोट मांडीवर पसरला आणि डावीकडच्या खांद्यापासून सुरुवात केली, सासऱ्यांनी शिकवलं होतं तशी. तळवा सपाट, बोटं हलकी, कापडावरून वाऱ्यासारखी. छाती. कॉलर. बटणांची पट्टी. बाह्या. मग पाठ. काही नाही. पुन्हा एकदा खांदा, पुन्हा बाह्या. बाहेर उभी असलेली ती मुलगी आईचा हात सोडून काचेला नाक लावून बघत होती. थोरलीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिला आठवलं नाही की यापूर्वी कधी इतका वेळ लागला होता. किंवा आठवलं, पण तिने ते पुढे येऊ दिलं नाही.

उजव्या खिशाच्या वर तिचं बोट अडखळलं. एक धागा किंचित जाड. तिने परत बोट फिरवलं. होय. किंचित.

"हे बघ," ती म्हणाली. "इथे."

धाकटी वाकली. तिने आधी त्या जागेकडे पाहिलं, नंतर थोरलीच्या चेहऱ्याकडे. मग म्हणाली, "हो ताई. तिथेच."

थोरलीच्या अंगातून आठ महिन्यांचं काहीतरी सरसर उतरून गेलं. गार हवासुद्धा सुखाची वाटायला लागली. ती खुर्चीत मागे टेकली, आणि टेकण खरोखर चांगलं होतं. "धाग्याला पीळ जास्त राहिलाय," ती म्हणाली. "घाई केलीस. लोक बघतायत म्हणून हात उचलून चालत नाही. बाकी वाईट नाहीये हां. वाईट नाहीये."

"हो ताई."

"तुझ्यावर लक्ष ठेवायला कुणीतरी हवंच इथे. आठवड्यातून तीन दिवस येईन म्हणते. गुडघ्यांचं बघू."

नवऱ्याने इतका मोठा श्वास सोडला की सासूबाईंच्या आइसक्रीमवरचा कागदी रुमाल उडाला. धाकटीने खणातून कागद काढला आणि थोरलीचं नाव लिहायला घेतलं. तिचं अक्षर वेडंवाकडं येत होतं, पण थोरलीचं तिकडे लक्ष नव्हतं. ती काचेबाहेरच्या मुलीकडे बघून हसली. मॉल वाईट नव्हता. धाकटीही वाईट नव्हती. शेवटी आपलीच विद्या. आपल्याकडेच परत यायची.

एवढ्यात कोटवाले गृहस्थ आले. उंच, घाईतले. कोट अंगात चढवला, डावा हात वर केला, वाकवला, सरळ केला.

"कमाल आहे," ते म्हणाले. "इथे होतं ना? बरोबर इथे, कोपरावर. खिळ्यात अडकून दोन बोटं फाटला होता. मीच माझा कोट ओळखला नसता."

लॉन्ड्रीतलं मोठं यंत्र तेवढं घुमत होतं.

"खिशापाशी," थोरलीने विचारलं, "खिशापाशी काही नव्हतं?"

गृहस्थांनी खिसा चाचपला. "नाही बुवा. खिशाला काय झालंय?"

"काही नाही," थोरली म्हणाली. "काहीच झालेलं नाही."

ते गेले. खिशाजवळचा तो जाड धागा गिरणीतूनच तसा आला होता. कापडाची जन्मखूण. डाव्या कोपरावरून तिचा तळवा दोनदा गेला होता, आणि दोन्ही वेळा पाण्यावरून जावा तसा निघून गेला होता. पण तेही एक वेळ सोसलं असतं. हे 'हो ताई, तिथेच' कुठे ठेवायचं?

मग तिघंही एकदम बोलायला लागले.

"हा उजेड आहे ना," नवरा म्हणाला, "असला पांढरा उजेड सवयीचा नसला की माणसाला काही सुधरत नाही."

"चष्मा बदल," सासूबाई म्हणाल्या. "मी कधीची म्हणतेय."

"काळा कोट होता ताई," धाकटी म्हणाली. "काळ्यावर कुणालाच नाही कळत. मला स्वतःलाही परवा…"

"माझं रफू सापडायचं का तुला?" थोरलीने विचारलं.

तिघंही थांबले.

"मी तुझ्या हातात द्यायचे ते. 'नाही सापडत ताई' म्हणायचीस. सापडायचं?"

धाकटी अर्धवट लिहिलेल्या कागदाकडे बघत राहिली. "सगळं नाही," ती शेवटी म्हणाली.

"पण पुष्कळ."

"पुष्कळ."

"मग काय करायचीस?"

"बाबांचा नियम होता ना." तिचा आवाज इतका बारीक झाला की थोरलीला पुढे वाकावं लागलं. "उसवून परत करायचे. तुम्ही दुपारी जरा पडायचात तेव्हा."

ज्या खोलीत टेबल होतं, त्याच खोलीत सासूबाईंची खाट होती, आणि दुपारी त्या खाटेवरच असायच्या. थोरलीने त्यांच्याकडे पाहिलं. सासूबाईंनी चमचा खाली ठेवला.

"मला वाटलं, घरातलं काम घरातच होतंय," त्या म्हणाल्या. "कुणी केलं हे काय बघायचं?"

"आणि तुम्हाला?" तिने नवऱ्याला विचारलं. तो पाणीखात्यात तीस वर्षं होता; गळती कुठे आहे हे ठाऊक असूनही कागदावर न लिहिणं त्याला चांगलं जमायचं. आत्ताही तो छताकडे बघत होता.

आता एकच प्रश्न उरला होता, आणि तो विचारू नये एवढी अक्कल थोरलीला होती. तरी तिने विचारला. "लॉन्ड्रीवाल्याने आणलेला तो करडा कोट?"

धाकटीने मान वर केली नाही. "तोही, ताई."

म्हणजे जे तिने ताटातून उचलून दिलं होतं, ते तिच्या ताटात कधी नव्हतंच. आठ महिने ती दुसऱ्याच्याच घासाचा हिशेब करत बसली होती. आणि ही बया त्या दिवशी खोलीत उभी राहून एक शब्द बोलली नाही. वर आठ महिने "तुमच्यामुळे ताई, तुमच्यामुळे" करत राहिली. इतकं चांगलं वागावं तरी कशाला माणसाने? जरा तरी वाईट वागली असती, एकदा तरी टोमणा मारला असता, तर थोरलीला काहीतरी धरायला मिळालं असतं.

"चला," नवरा म्हणाला. "खाली बसायला चांगली जागा आहे. काहीतरी थंड घेऊ, मग बोलू शांतपणे. डोळ्यांचं काय, उद्या दाखवून येऊ."

धाकटीने कागद उलटा करून ठेवला होता. "ताई, मी मालकांना सांगते दुसरं कुणी बघायला. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. खरंच उजेडाचाच फरक असतो, घरी खिडकीशी बसून तुम्ही…"

"गप्प बस जरा," थोरली म्हणाली.

तिला उठावंसं वाटत होतं. उठून सरळ चालत सुटावं, त्या आरशांच्या लिफ्टमधून खाली, दाराबाहेर. पण ती त्या खुर्चीतच बसून राहिली, आणि रिकामे हात मांडीवर ठेवून त्यांच्याकडे बघत राहिली.

"डोळे मी गेल्या महिन्यात दाखवून आलेय. कुणाला न सांगता. डॉक्टर म्हणाला, या वयात असे डोळे नशिबाने मिळतात." तिने दोन्ही तळवे मांडीवर उलटे केले. "तुझं तपासायचं मी बंद केलं ना, ते तू तयार झालीस म्हणून नव्हे. तिसऱ्या वर्षी एक निळा स्वेटर होता. तू बाजारात गेली होतीस. सकाळपासून शोधलं मी, उलटा करूनसुद्धा बघितला, नियम मोडून. नाही सापडलं. त्या दिवशी मी ठरवलं की आता शोधायचंच नाही."

"ताई, असू दे ना," धाकटी म्हणाली.

"नसू दे. सगळे मिळून मला उजेड आणि चष्मे देताय, आणि मी घेतेय. आपण सगळेच खोटारडे." थोरलीने मान वर केली आणि बऱ्याच वर्षांनी धाकटीकडे नीट पाहिलं. "तुझा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. तेव्हाही होता. आणि मला त्याचा हेवा वाटतो. रोज वाटतो, आत्ता इथे बसूनसुद्धा वाटतोय."